घग्गरकाठचा विसरलेला समुद्र

१७५८ साली राघोबादादांच्या फौजा सरहिंद घेऊन लाहोरकडे गेल्या. त्याच सरहिंदच्या परिसरात, चंदीगड-अंबाला रस्त्यावर, घग्गर नदीजवळ डेराबस्सी हे गाव आहे. येथून समुद्र शेकडो कोस दूर. परंतु उत्तरेकडच्या डोंगरांत त्याची दप्तरे दगडांत जपून ठेवलेली आहेत.

सुबाथू येथील खडकांना भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८६४ साली त्या गावाचेच नाव दिले. त्यांत शिंपले सापडतात, आणि नाण्यासारखी चपटी कवचे असलेले न्यूम्युलाइट नावाचे सूक्ष्म जीवही सापडतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता, याची ती साक्ष होय.

१९९८ साली सुनील बाजपेयी आणि फिलिप गिंजरिच यांनी याच खडकांतील एका जबड्याच्या तुकड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो एका आदिम देवमाशाचा होता. त्याचे नाव त्यांनी 'हिमालयासेटस सुबाथुएन्सिस' असे ठेवले, आणि वय सुमारे ५ कोटी ३५ लाख वर्षे मानले. या वयाविषयी पुढे मतभेद झाले. परंतु खरे नवल त्याच्या दातांत आहे.

प्राणी जे पाणी पितो, त्यातील ऑक्सिजन दातांच्या लुकणात उतरतो. समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण गोड्या पाण्यापेक्षा अधिक असते. या दातांतील प्रमाण दोहोंच्या मधले निघाले. अर्थात हा प्राणी नदीत आणि समुद्रात, दोन्हीकडे वावरत असावा. देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे चतुष्पाद. खारे पाणी सोसावयाचे तर मूत्रपिंडांना अधिक मीठ बाहेर टाकता आले पाहिजे. शरीराची ती घडण एका पिढीत होत नाही. तिला लक्षावधी वर्षे लागली.

पुढे भारतभूमी आशियाला भिडली, समुद्र हटला, गाळ नद्यांनी आणला. देवमाशांचे कूळ मात्र महासागरांत पसरले.

श्रोतेहो, बदलत्या समुद्राशी जुळवून घेणे सजीवांना अशक्य नाही, असे हा इतिहास सांगतो. पण अवधी किती लागतो, हेही तोच सांगतो. औद्योगिक युगापासून हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सागराच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. त्यामुळे कवच बांधण्यास लागणारे द्रव्य पाण्यात कमी होते, आणि कालवे-शिंपल्यांना तेच काम अधिक शक्ती खर्चून करावे लागते. सुबाथूच्या प्राण्याला जो अवधी लाभला, तो कोकणच्या कालवांना आपण देणार आहोत काय, हा आजचा प्रश्न आहे.