तळटीप ७ : विदर्भाचे हरते हंगाम

७. हा उल्लेख विदर्भाच्या रणजी संघाचा आहे. तीन वेळा करंडक उंचावलेला संघ पाहणाऱ्या तरुण वाचकासाठी थोडा खुलासा. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतो. मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्याशी गाठ पडे आणि बहुतेक वर्षी मजल साखळीतच संपे. सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातली आघाडी मोलाची ठरते. त्यामुळे फारसे सामने न हरताही हंगाम हातचा जाई. तरीही त्या वर्षांना वाया गेलेली म्हणणे अन्यायाचे आहे. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाकडे रणजी करंडक नव्हता. तो आला २०१७-१८ मध्ये, फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनात. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीचा ध्रुव शोरी १४५ धावांवर पाय रोवून उभा होता. रजनीश गुरबानीने आधीच्या षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले होते, पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर त्याचाही त्रिफळा उडवून हॅट्‌ट्रिक साधली. विदर्भ नऊ गडी राखून जिंकला.