दिव्याचे आयुष्य

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. आमच्या देवस्थानाच्या सभागृहात पुराणावरील प्रवचनांच्या जोडीला पडद्यावर चित्रे दाखविण्याचा परिपाठ काही वर्षे चालू आहे. त्याकरिता, हौशी लोक घरच्या घरी चित्रपट पाहण्यासाठी वापरतात तसला एक प्रोजेक्टर महाजनांनी वर्गणी काढून घेतला होता. एके सायंकाळी चित्रे इतकी अंधुक उमटली की मागच्या रांगेतील वृद्ध मंडळींनी स्पष्ट तक्रार केली. यंत्रातील तासांचा आकडा पाहिला तो २९०० निघाला. खोक्यावर मात्र दिव्याचे आयुष्य ४००० तास असे ठळक छापलेले. दुकानदाराने देवस्थानास फसविले असे सर्वांचे एकमत झाले, आणि त्यास नोटीस द्यावी म्हणून समितीचे दोघे सभासद माझ्याकडे आले.

नोटीस लिहिण्यापूर्वी करारातील शब्द वाचावेत, ही आमच्या व्यवसायातील पहिली शिकवण. येथे वादाचा शब्द एकच होता, तो म्हणजे ‘आयुष्य’. मनुष्याचे आयुष्य कोठे संपते हे सांगावयास वैद्य असतो. दिव्याचे कोठे संपते हे कोणी ठरवावयाचे? या प्रश्नाच्या मागे लागलो तो पडद्यावर प्रकाश टाकण्याचा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहासच समोर उभा राहिला. तो वाचकांस सांगण्याजोगा वाटतो.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने इ. स. १६५९ च्या सुमारास ‘जादूचा कंदील’ सिद्ध केला. काचेवर रंगविलेले चित्र, त्याच्या पाठीमागे दिवा आणि पुढे भिंग, एवढीच त्याची सामग्री. आपल्याकडे कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने याच जातीचे खेळ केले. हाताने रंगविलेल्या काचांवरून पौराणिक कथा पडद्यावर उमटत आणि सोबत निवेदन चाले. आरंभीच्या कंदिलांत तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती असे. त्या दिव्याचे आयुष्य किती, हा प्रश्नच कोणास पडत नसे. आपल्या गाभाऱ्यातील नंदादीपाचे आयुष्य आपण कधी मोजतो काय? तेल सरले की घालावे, वात काजळली की पुढे सारावी. दिव्याचे आयुष्य त्याच्यात नसून सेवेकऱ्याच्या हातात असते.

परंतु तेलाचा उजेड मोठ्या सभेस पुरेना. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चुनखडीचा दिवा आला. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवून शुभ्र प्रकाश काढावयाचा, ही त्याची रीत. इंग्लंडात गोल्ड्सवर्दी गर्नी याने हा गुण दाखवून दिला आणि टॉमस ड्रमंड याने १८२५ मध्ये आयर्लंडच्या भूमापनात तो दिवा वापरला. प्रकाश अपूर्व होता, पण ज्योतीखाली चुन्यास खळगे पडत. म्हणून कांडी वरचेवर फिरवीत राहावे लागे. उजेड वाढला तसा दिवा स्वतःलाच खाऊ लागला. पुढील प्रत्येक दिव्याची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे.

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये हलती चित्रे पैसे घेऊन लोकांस दाखविली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचाच खेळ झाला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तो ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात अनर्थ घडला. तेथील चित्रखेळाच्या यंत्रात ईथर व ऑक्सिजन यांवर जळणारा दिवा होता. ईथर संपले म्हणून ते पुन्हा भरताना काडी ओढली गेली, वाफेने पेट घेतला, आणि लाकूड व कापड यांनी उभारलेला तो मंडप काही मिनिटांत भस्म झाला. सुमारे १२५ माणसे दगावली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीणही त्यांत होती. पुढे न्यायालयात खटला होऊन यंत्र चालविणारांस दोषी ठरविण्यात आले. संपत आलेला दिवा कसा हाताळावा, ही केवळ सोयीची बाब नाही, हे त्या दिवशी जगाने फार मोठी किंमत देऊन जाणले.

त्यानंतर चित्रपटगृहांत विजेच्या कार्बनी दिव्याचे राज्य आले. दोन कार्बनच्या कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड जळत ठेवावयाची. ठिणगी कांड्यांस झिजवी आणि ऑपरेटर त्यांना हळूहळू जवळ सारीत बसे. कांड्यांची एक जोडी साधारणतः एका रिळापुरती, म्हणजे सुमारे वीस मिनिटे पुरे. येथेही दिव्यापाशी एक माणूस नंदादीपाच्या सेवेकऱ्यासारखा बसलेला होताच.

हा माणूस नाहीसा झाला तो चित्रपट घरात आल्यावर. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर रुंदीची आणि १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची फिल्म घरगुती उपयोगासाठी आणली. दिवाणखान्यात ना ऑपरेटर, ना कार्बनच्या कांड्या. बटण दाबताच पेटणारा तारेचा दिवा हवा. तो मिळाला, परंतु अल्पायुषी. अशा कित्येक दिव्यांचे ठरलेले आयुष्य २५ तास असे, काहींचे तर १० तासच. ही निर्मात्याची कसूर नव्हती. टंगस्टनची तार जितकी अधिक तापवावी तितका प्रकाश शुभ्र आणि प्रखर, व तितकीच ती लवकर उडून जावयाची. विजेचा दाब ५ टक्के वाढविला तर उजेड सहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होते. तेव्हा २५ तासांचा दिवा हा ग्राहकाने अजाणता केलेला एक सौदाच होता.

हा सौदा ग्राहकाच्या पाठीमागे झाला तर काय होते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनीव्हा येथे दिव्यांच्या मोठमोठ्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाची संघटना स्थापिली. घरात लावावयाच्या साध्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणावे असे तिने ठरविले, आणि ज्याचे दिवे ठरावाहून अधिक टिकतील त्या कारखान्यास दंड लावला. दुसऱ्या महायुद्धात ती संघटना मोडली. या प्रकरणाचा विचार करणाऱ्या ब्रिटिश मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात मात्र एक समतोल गोष्ट मांडली, ती अशी की सर्व परिस्थितींत योग्य ठरेल असे दिव्याचे एकच आयुष्य असू शकत नाही. दीर्घायुष्य हवे तर प्रकाशात तोटा सोसावा लागतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रकाश आणि काळ यांत देवघेव असणारच, ती निसर्गाची आहे. पण तिची प्रमाणे गुपचूप ठरविणे हा मनुष्याचा अपराध होय.

आमच्या सभागृहातील दिवा या वंशातील अगदी अलीकडचा. फिलिप्सने १९९५ मध्ये पाऱ्याच्या अतिदाबाचा दिवा बाजारात आणला, आणि घरगुती प्रोजेक्टरांत पुढे त्याच पद्धतीचे दिवे रूढ झाले. त्यात जळणारी तार नाही. क्वार्ट्झच्या चिमुकल्या कुपीत जेमतेम एक मिलिमीटर अंतरावरील दोन टोकांमध्ये ठिणगी जळते आणि आतील दाब वातावरणाच्या सुमारे दोनशेपट होतो. टोकांवरून उडालेले टंगस्टन काचेस काळे करू नये म्हणून आत किंचित ब्रोमीन असते; ते टंगस्टनला पुन्हा टोकाकडे नेऊन सोडते. या युक्तीमुळे २५ तासांचे आयुष्य हजारोंवर गेले. तरीही झीज चालूच राहते: टोके बोथट होतात, क्वार्ट्झ धुरकटते.

आता या दिव्याचे आयुष्य संपले असे केव्हा म्हणावयाचे? निर्माते सामान्यतः असे धरतात की दिव्याचा उजेड मूळच्या निम्म्यावर आला की त्याचे आयुष्य सरले. म्हणजे जो आयुष्यभर टिकला, तोही शेवटी अर्धाच दिवा उरलेला असतो. आपला डोळा हळूहळू होणारा ऱ्हास ओळखत नाही. म्हणून वर्षानुवर्षे कोणी काही बोलत नाही आणि एके दिवशी सर्वांनाच तो एकदम जाणवतो.

समितीच्या सभासदांसमोर मी दिव्यासोबत आलेले माहितीपत्रक उघडले. ४००० तासांचा आकडा काटकसरीच्या मंद प्रकाशाचा होता. पूर्ण प्रकाशाचे ३००० तास आणि निम्म्या उजेडाची व्याख्या आत बारीक अक्षरांत दिलेली होती. आमच्या सभागृहाच्या खिडक्या उघड्या, म्हणून यंत्र सदैव पूर्ण प्रकाशावरच चाललेले. दुकानदाराकडे मागण्यासारखे काही नव्हते. निरपराध माणसावर नोटीस जाता जाता राहिली. तथापि मोठ्या अक्षरांत मोठा आकडा व बारीक अक्षरांत त्याची अट, ही रीत कायद्यात बसली तरी सचोटीस शोभत नाही, असे मी त्यांना सांगितले आणि वाचकांसही सांगतो.

घरी असे यंत्र असणारांनी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोज तीन तास चित्रपट पाहणाऱ्याचा ३००० तासांचा दिवा पावणेतीन वर्षांत आटोपेल. फक्त रविवारी दोन तास पाहणाऱ्याचे तेवढे तास पुरे व्हावयास जवळजवळ एकोणतीस वर्षे लागतील, आणि यंत्र त्याआधीच जुने होईल. अंधाऱ्या खोलीत मंद प्रकाश पुरत असेल तर तोच वापरावा. वरचेवर चालू-बंद करू नये. खेळ संपताच विजेची कळ काढू नये. पंखा दिवा निववून स्वतः थांबेपर्यंत धीर धरावा. हवेच्या जाळीवरील धूळ झाडावी. ठरलेले तास उलटल्यावर जुना दिवा ताणू नये, कारण अशी कुपी कधी कधी फुटते आणि आतील पारा बाहेर येतो. याच कारणास्तव जुना दिवा केरात न टाकता विद्युत्-कचरा घेणाराकडे द्यावा. लेसरच्या नव्या यंत्रांवर २०,००० तास लिहिलेले असतात. तेथेही व्याख्या बहुधा निम्म्या उजेडाचीच असते, हे विसरू नये.

नवा दिवा आला, चित्रे पूर्ववत् उजळली. आता प्रत्येक उत्सवानंतर तासांचा आकडा वहीत टिपून ठेवण्याचे काम समितीने एका तरुण सभासदाकडे सोपविले आहे. नंदादीपात रोज तेल घालणाऱ्या आमच्या वृद्ध सेवेकऱ्यांना हे कळले तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे त्या दिव्यालाही शेवटी माणूस लागलाच.” साडेतीनशे वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष मला याहून थोडक्यात सांगता येणार नाही.