पडद्यावरचा ख्रिस्त आणि प्रेक्षकांचा कौल

कीर्तनकार बुवांनी बाळकृष्णाचे वर्णन आरंभले, की समोर बसलेल्या शंभर माणसांच्या मनात शंभर बाळकृष्ण रांगू लागतात. त्यांची आपसांत भांडणे होत नाहीत, कारण ज्याचा देव त्याच्यापाशी असतो. ग्रंथाचेही तेच. फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले. रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या ओव्या ऐकताना श्रोत्याने येशूचा चेहरा मनाजोगता कल्पावा. त्याला कोण अडवणार? चित्रपटाला मात्र ही मोकळीक नाही. कॅमेऱ्यापुढे कोणीतरी एक माणूस उभा करावाच लागतो, आणि त्या माणसाला नाक असते, डोळे असतात, आवाज असतो, झालेच तर मानधनही असते. ‘हा तो नव्हे’ असे प्रेक्षकाच्या मनाने एकदा घेतले, की मग सारे जेरुसलेम पुन्हा बांधून दाखविले तरी व्यर्थ!

ख्रिस्तचरित्रावरील चित्रपटांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला या एका दृष्टीने फार बोधप्रद वाटतो. निर्मात्यांनी काय दाखविले यापेक्षा प्रेक्षकांनी काय मागितले, हे पाहण्यात अधिक गंमत आहे आणि गांभीर्यही.

प्रारंभीचा किस्सा पाहा. बव्हेरियातील ओबरामरगाऊ या गावी प्लेगच्या साथीत केलेल्या नवसापोटी १६३४ पासून ख्रिस्ताच्या यातनांचे नाटक होत आले आहे. १८९८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये त्या नाटकाचे म्हणून एक चित्र दाखविले गेले. लवकरच वर्तमानपत्रांनी फोड केली, की हे चित्र बव्हेरियात नव्हे, न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर घेतलेले आहे. आता लोक खवळतील, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. पण प्रेक्षक येतच राहिले! त्यांना गच्चीशी कर्तव्य नव्हते; क्रूसाशी होते.

आपल्या मुलखाचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथेच. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर पाहिले. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात ही हकीकत लिहिताना त्यांनी सन १९१० दिला आहे. डोळ्यांपुढे ख्रिस्त सरकत असता त्यांना मनात कृष्ण आणि रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. ते पुन्हा गेले, पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एका प्रेक्षकाने दिलेला याहून मोठा अभिप्राय मला तरी ठाऊक नाही. परक्या देवाच्या चित्राने त्र्यंबकेश्वरच्या या ब्राह्मणाला बाटविले नाही की भडकविले नाही. त्याला स्वतःचा देव अधिक स्पष्ट दिसू लागला.

विलायतेत मात्र वेगळेच रण माजले होते. सिडनी ऑल्कॉट याने पॅलेस्टाइन आणि इजिप्तमध्ये जाऊन घेतलेला चित्रपट १९१२ मध्ये तेथे आला, तेव्हा धर्मनिष्ठांना प्रश्न पडला, की ख्रिस्ताने अशा करमणुकीच्या जागी प्रकट व्हावे काय? त्याच वर्षी ब्रिटिश सेन्सॉर मंडळ स्थापन झाले. त्याच्यापाशी आरंभी दोनच ठाम नियम होते: पडद्यावर नग्नता नको, आणि ख्रिस्ताची व्यक्तिरेखा नको. एकाच कागदावर ही दोन कलमे शेजारी बसलेली पाहून आज हसू येते. पण त्यामागचा धाक खरा होता.

सेसिल डमिल या अमेरिकन दिग्दर्शकाने तो धाक ओळखून पावले टाकली. १९२७ च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’मध्ये येशूचे प्रथम दर्शन होते ते एका आंधळ्या मुलीच्या डोळ्यांतून. तिला दृष्टी येते तसतसा तो आपल्यालाही दिसू लागतो. प्रेक्षकांनी हा मूकपट डोक्यावर घेतला. पण त्याच प्रेक्षागारात दुसराही एक प्रेक्षक होता, आणि त्याच्या तक्रारीपाशी हा इतिहास करमणुकीचा राहत नाही.

तो प्रेक्षक म्हणजे ज्यू. ‘याला क्रूसावर चढवा’ असे ओरडणारा जमाव पडद्यावर येतो, तेव्हा बाकीचे लोक येशूकडे पाहतात. ज्यू मनुष्य शेजारच्या खुर्चीवरील माणसाकडे पाहतो. शतकानुशतके युरोपात याच कथेच्या आधारे त्याच्या पूर्वजांवर ख्रिस्तहत्येचा आळ घेतला गेला, त्यांची घरे जळाली. ज्यू संघटनांनी निषेध केल्यावर डमिलने चित्रपटात फेरफार केले आणि दोष एकट्या कैफास या मुख्य याजकावर ठेवला. रोमन चर्चने हा सामुदायिक आळ अधिकृतपणे नाकारला, तो थेट १९६५ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. मध्यंतरी साठ लाख ज्यूंची हत्या होऊन गेली होती.

आता पैशाची गोष्ट. १९५९ च्या ‘बेन-हर’वर दीड कोटी डॉलर खर्च झाले. रथांच्या शर्यतीसाठी जग लोटले, अकरा ऑस्कर मिळाले. पण येशूचा चेहरा दिग्दर्शकाने दाखविलाच नाही. तहानलेल्या कैद्याला पाणी पाजणारे हात दिसतात, पाठ दिसते, आणि चेहरा पाहणाऱ्या शिपायाची गडबडलेली नजर दिसते. ही ओवीचीच युक्ती! दोनच वर्षांनी ‘किंग ऑफ किंग्ज’ पुन्हा आला. त्यात निळ्या डोळ्यांचा देखणा जेफ्री हंटर येशू झाला, तर टीकाकारांनी ‘पोरसवदा येशू’ म्हणून त्याची टर उडविली. १९६५ साली जॉर्ज स्टीव्हन्सने सुमारे दोन कोटी डॉलर ओतून युटा आणि अॅरिझोनाच्या वाळवंटात पॅलेस्टाइन उभारले. येशूचे काम करणारा माक्स फोन सिदो हा स्वीडनचा नट गुणी होता. पण पाहुण्या नटांची एवढी दाटी, की प्रेक्षक येशूकडे पाहीना. आता कोण येतो, हेच पाहत बसला. क्रूसाखालच्या रोमन शिपायाच्या वेषात काउबॉय-पटांचा वीर जॉन वेन उभा राहिला आणि भक्तीच्या क्षणी लोकांना हसू फुटले. खर्च काही वसूल झाला नाही.

याच्या आदल्या वर्षी इटलीत पिएर पाओलो पाझोलिनी याने मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला होता. हा मनुष्य मार्क्सवादी, नास्तिक. १९६३ मध्ये त्याला एका चित्रपटापायी धर्माचा अवमान केल्याबद्दल शिक्षाही सुनावली गेली होती. त्याने मातेरा गावच्या दगडी वस्तीत खेडूत जमविले, एका स्पॅनिश विद्यार्थ्याला येशू केले, आणि क्रूसाखालची वृद्ध मरिया म्हणून आपल्या आईला उभे केले. व्हेनिसला त्याला कॅथलिक चित्रपट-संस्थेचे पारितोषिक मिळाले, आणि २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने ख्रिस्तावरील सर्वोत्तम चित्रपट बहुधा हाच, असा निर्वाळा दिला. नास्तिकाच्या हातून देव उतरला, ही गोष्ट आपल्या संतांना मुळीच नवलाची वाटली नसती.

परंतु पैसा नेहमी हरतो असेही नव्हे. २००४ साली मेल गिब्सनने पदरचे सुमारे तीन कोटी डॉलर घालून अरामाइक, हिब्रू आणि लॅटिन बोलणारा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ काढला. जगभर साठ कोटींहून अधिक डॉलर जमा झाले. रॉजर ईबर्ट या नामांकित समीक्षकाने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि आपण पाहिलेला हा सर्वांत हिंसक चित्रपट, असेही लिहिले. ज्यूंनी पुन्हा जुनीच भीती बोलून दाखविली. फटक्यांचे ते दृश्य मला बघवले नाही. माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्याची आई मात्र म्हणाली, “बाळा, आमच्यासाठी त्याने सोसले, मग बघताना आम्ही डोळे का मिटावे?” तिच्यापुढे मी गप्प राहिलो. मला तो रक्ताचा सडा वाटला. तिने ते ऋण मानले. दोघेही एकच चित्र पाहत होतो.

आणि न पाहताच मत देणारे? तेही प्रत्येक काळात भेटतात. झेफिरेल्लीची १९७७ ची येशूवरील दूरचित्रवाणी-मालिका दिसण्यापूर्वीच तिच्यावर बहिष्काराची हाक निघाली. १९८८ साली स्कॉर्सेसेच्या चित्रपटापायी पॅरिसचे एक थिएटर पेटविण्यात आले. तेरा माणसे जखमी झाली. क्षमा शिकविणाऱ्याच्या नावाने आग लावावी, यासारखा विपर्यास दुसरा नाही.

सारांश, निर्मात्याला गाव विकत घेता येते, गर्दी आणता येते. चेहरा मात्र प्रेक्षकाच्या मनातूनच उसना घ्यावा लागतो. आणि आपण प्रेक्षकांनीही एक पथ्य पाळावे. देवाचे चित्र पाहताना आपला देव त्यात दिसतो की नाही, हे जरूर पाहावे. पण ते चित्र पाहून शेजारी बसलेला मनुष्य अंग चोरून तर घेत नाही ना, हेही एकवार पाहावे. फाळक्यांना परक्या ख्रिस्तात आपला राम दिसला. असे डोळे घेऊन थिएटरात जाणारा प्रेक्षक लाभला, तर कोणत्याही देवाला पडद्यावर यायला भिण्याचे कारण नाही.