कापड विरघळल्यावर उरते ती लेस

पांढुर्ण्यात वेदीच्या कापडासाठी लेस मशीनवर काढायला शिकताना तिचा इतिहास कळला. इसाक ग्रोबली यांनी 1863 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शिफ्ली भरतकाम यंत्र बनवले. पुढे 1880 च्या दशकात रेशमी कापडावर सुती धाग्याने नक्षी भरून रसायनाने रेशीमच विरघळवू लागले. उरायची ती नुसती लेस! आता रसायनाऐवजी पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म लावतात. म्हणून डिजिटायझिंग करताना आधी धाग्यांची जाळी, मग तिच्यावर नक्षी, आणि टाके एकमेकांत अडकलेले हवेत. सुटे फूल स्क्रीनवर छान दिसते, पण पहिल्याच धुण्यात निसटते; आणि वेदीचे कापड तर वारंवार धुवायचे. अहरोनाच्या झग्याच्या घेरावरची डाळिंबे (निर्गम 28) काढायची, तर आधी देठ जाळीत गुंतवावे लागतात.