वलण, हवाला आणि उंधा बदला

1981 साली मी फोर्टातल्या एका दलालाच्या पेढीवर डिलिव्हरी क्लार्क म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं, "वलण क्यारे छे, खबर छे?" मी गिरगावातला बी.कॉम. मला वाटलं, रस्त्याचं वळण विचारतायत. वलण म्हणजे हिशेब पुरा करायची मुदत. पंधरवडाभर केलेल्या सौद्यांचे पैसे आणि शेअर वलणाला एकमेकांना पोचते करायचे. आम्ही मराठी कारकून बाजार असाच शिकलो. शब्द गुजराती, कागद इंग्रजी आणि शिव्या तेवढ्या घरच्या.

ही बोली दलाल स्ट्रीटपेक्षा जुनी. 1850च्या दशकात टाउन हॉलसमोर, आज हॉर्निमन सर्कल आहे तिथे, वडाखाली मूठभर दलाल उभे राहत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या आणि मुंबईत पैसा मावेनासा झाला. रोज नवी कंपनी निघे. बॅक बे रिक्लमेशनच्या 5,000 रुपये भरलेल्या शेअरवर 50,000 रुपयांपर्यंत प्रीमियम चढला. भरलेली रक्कम एक, बाजारात मोजायची किंमत दुसरी, आणि मधला फरक तो प्रीमियम, हे मुंबईने तेव्हा गिरवलं. बरेचसे सौदे वायद्याचे होते. आज माल नको, पैसे नकोत, ठरल्या तारखेला बघू. ती तारीख 1 जुलै 1865. युद्ध एप्रिलमध्येच आटोपलं होतं, कापूस कोसळला होता, आणि देणं चुकवायला भल्याभल्यांकडे काही उरलं नव्हतं. ज्यांच्या शब्दावर बाजार हले ते प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. देणगी 1864 ची, तेजीतली. मनोरा पुरा झाला 1878 मध्ये.

हात पोळल्यावर दलालांनी 9 जुलै 1875 रोजी आपला संघ काढला. 318 सभासद, प्रवेश फी 1 रुपया. हाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला.

आता बदला. सिनेमातला नव्हे. समजा, तुम्ही 100 रुपयांना शेअर घेतला. वलण आलं, खिशात पैसे नाहीत आणि शेअर विकायची इच्छाही नाही. मग सौदा पुढच्या वलणात ढकलायचा. त्यासाठी बाजार एक भाव ठरवून देई, तो हवाला भाव. (हवाला म्हटल्यावर हल्ली लोक पोलीस आठवतात. आमच्याकडे तो फळ्यावर लिहिलेला साधा आकडा होता.) हवाला 96 निघाला तर 4 रुपये फरक आत्ता भरा आणि 96 ने पुढे चला. मधल्या काळात तुमच्या वतीने पैसे लावणारा कुणीतरी असे. त्याला द्यायचं व्याज म्हणजे बदला. कधी उलटं होई. मंदीवाल्यांनी हातात नसलेले शेअर विकून ठेवलेले असत आणि बाजारात माल मिळत नसे. मग पैसे मंदीवाल्याने तेजीवाल्याला द्यायचे. हा उंधा बदला. उंधियूतला उंधा तोच, पालथ्या मडक्याचा. 1982 मध्ये रिलायन्सच्या शेअरवरून दोन्ही बाजू अशा भिडल्या की बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. आणि गंमत म्हणजे, सरकारने वायद्याचे सौदे 1969 सालीच बंद केले होते!

बदला शेठच्या केबिनमध्ये चाले. माझ्या टेबलावर ओला स्पंज, तिकिटांचा गठ्ठा आणि टाचण्या. सर्टिफिकेटला ट्रान्सफर डीड टाचायचं, विकणाऱ्याची सही बघायची, तिकिटं चिकटवून त्यांवर रद्दचा शिक्का मारायचा. काही चुकलं की कागद परत, वर शेरा 'बॅड डिलिव्हरी'. ठाकुरद्वारच्या एका आजींचे पन्नास शेअर तीनदा परत आले. दोनदा सही जुळली नाही, कारण अर्धांगानंतर त्यांचा हात थरथरे. तिसऱ्यांदा चूक माझी, शिक्का मारायचाच राहिला. शेवटी मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. नातवाच्या पाटीवर त्यांनी पाच-सहा वेळा सही गिरवली, मग डीडवर केली, आणि म्हणाल्या, "आता नापास केलंत तर मी नाही हो पुन्हा परीक्षेला बसायची." त्या खेपेला कागद सुटले. आजींचे पैसे दीड महिना अडकले होते. त्याबद्दल शेठ मला जे बोलले ते अस्सल गुजरातीत होतं.

पुढचं भराभर झालं. 1995 मध्ये बोल्ट आलं, संगणकावर सौदे सुरू झाले आणि रिंगमधला, म्हणजे सौदे पुकारायच्या हॉलमधला, आरडाओरडा थांबला. रिंगमधला तारवणीवाला स्वतःच खरेदीचा आणि विक्रीचा भाव पुकारी. त्या दोहोंतला फरक म्हणजे त्याचा गाळा. मोबाइलवर आता त्याला स्प्रेड म्हणतात. 1996 पासून डिमॅट आलं आणि माझा स्पंज सुकला. त्याची मला खंत नाही. बॅड डिलिव्हरीसाठी उसासे टाकणारा माणूस त्या टेबलावर कधी बसलेला नसतो. जुलै 2001 मध्ये बदलाही कायमचा बंद झाला. पंधरा दिवसांचं वलण आक्रसत गेलं आणि जानेवारी 2023 अखेर एका दिवसावर आलं. टी प्लस वन म्हणतात ते हेच.

मागच्या महिन्यात भाच्याने मोठ्या कौतुकाने ॲप दाखवलं. "मामा, एमटीएफ. थोडे पैसे आपण भरायचे, बाकीचे ब्रोकर घालतो." मी विचारलं, व्याज किती? त्याने बघितलंच नव्हतं. खाली बारीक अक्षरांत होतं, रोजच्या हिशेबाने, शनिवार-रविवार धरून. पूर्वी शेठ बदल्याचा दर निदान तोंडावर सांगत. तुमच्याही ॲपवर ते बटण असेल, तर दाबण्याआधी ती खालची ओळ वाचा.