जॉर्डेनस कातालानी : ठाण्यात एकटा उरलेला बिशप

कल्याण परिसरातील बिशपचा उल्लेख थेट सहाव्या शतकात सापडतो. कॉस्मस या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने 'कल्लियाना' बंदरात इराणमधून नेमलेला बिशप असतो, अशी नोंद केली आहे. हे बंदर म्हणजे कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी शेजारच्या ठाण्यात वेगळ्या परंपरेचा एक धर्मोपदेशक उतरला. रोमच्या पोपने पुढे भारतासाठी नेमलेला पहिला बिशप तो हाच, जॉर्डेनस कातालानी.

जॉर्डेनस डॉमिनिकन संघाचा संन्यासी होता. दक्षिण फ्रान्समधील सेव्हराक हे त्याचे गाव मानले जाते. इ. स. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री या चार फ्रान्सिस्कनांसह तो इराणच्या आखातातून निघाला. चीनच्या वाटेवर कोल्लम गाठायचे होते. पण जहाज ठाण्याला लागले. देवगिरीच्या यादवांची सत्ता नुकतीच संपून उत्तर कोकण दिल्लीच्या सुलतानाकडे गेले होते. ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. त्यांच्यापैकी एका घरी पाहुण्यांना आसरा मिळाला.

जॉर्डेनस भडोचकडे गेला असताना घात झाला. प्रवासी ओदोरिकच्या वृत्तांतानुसार प्रकरणाची सुरुवात अगदी क्षुल्लक होती. यजमानाने पत्नीला मारहाण केली, ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून घरातील संन्याशांची नावे पुढे आली. काझीपुढे साक्षीऐवजी धर्मावर वाद रंगला. एप्रिल १३२१ मध्ये चौघांचाही वध झाला. परतलेल्या जॉर्डेनसने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मोहने, कल्याणवरून वाहत येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेकडून वसईच्या खाडीला मिळते. सोपारा त्याच खाडीच्या उत्तरेस आहे. पुढे ओदोरिकने त्या अस्थी उकरून चीनला नेल्या. थॉमसला पोप लिओ तेरावे यांनी १८९४ मध्ये 'धन्य' घोषित केले.

मागे उरलेल्या जॉर्डेनसची दोन पत्रे उपलब्ध आहेत. पहिले ऑक्टोबर १३२१ चे, गुजरातमधील घोघा बंदरातून लिहिलेले. दुसरे जानेवारी १३२४ चे, ठाण्याहून. भडोचला सुमारे ९० आणि ठाणे-सोपारा दरम्यान ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचा हिशेब पहिल्या पत्रात आहे. दुसऱ्याचा सूर मात्र थकलेला आहे. चाच्यांनी पकडले, कैदेत पडलो, आजारपण आले, संघाचा झगा जाऊन अंगावर केवळ सदरा राहिला, अशी कैफियत त्याने मांडली आहे. सहकारी पाठवा, ही विनवणी तो करतो. त्याच पत्रात पोपने या समुद्रात दोन गलबते ठेवली तर इजिप्तच्या सुलतानाचे मोठे नुकसान होईल, असा सल्लाही आहे! हा राजकारणी हिशेब पोर्तुगीजांनी पावणेदोनशे वर्षांनी प्रत्यक्षात आणला.

१३२९ मध्ये आव्हिन्यों येथून पोप जॉन बावीसावे यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. हे पीठ इराणमधील सुलतानियाच्या आर्चबिशपच्या प्रांतात होते. त्या आर्चबिशपची पदचिन्हे असलेली लोकरी पट्टी पोचवण्याचे कामही १३३० मध्ये जॉर्डेनसवर आणि समरकंदच्या बिशपवर सोपवले गेले. मलबारच्या ख्रिस्ती समाजासाठी पोपने पत्रे दिली. कोल्लमची गादी त्याने प्रत्यक्ष सांभाळल्याचा पुरावा हाती नाही. ज्याला निश्चित कार्य म्हणता येईल ते ठाणे, सोपारा व भडोच याच पट्ट्यातले.

'मिराबिलिया' या त्याच्या लॅटिन ग्रंथातही हा किनारा डोकावतो. धर्मप्रसारकाच्या लेखणीतून अपेक्षित असलेली तुच्छता त्यात सर्वत्र आढळत नाही. येथील लोक आहारात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायी आहेत, असे तो सांगतो. छत नसलेल्या बुरुजात मृतदेह ठेवणाऱ्या अग्निपूजकांचे, अर्थात पारशांचे, वर्णनही येते. एक फणस पाच माणसांना पुरतो, हे त्याने कौतुकाने लिहिले आहे. दुसऱ्या एका फळाची गोडी त्याला शब्दांत सांगता येईना. हेन्री यूल यांनी १८६३ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा हस्तलिखितात या फळाचे नाव 'अनिबा' असे होते. नकलाकाराची ती चूक. मूळ शब्द 'अंबा'.