भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी

घरगुती ड्रिल यंत्राचा मोठा धोका भिंतीच्या आत दडलेला असतो. सदनिकांमध्ये विजेच्या तारा गिलाव्याखालील नळ्यांतून नेलेल्या असतात व त्या बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा खाली जातात. त्या उभ्या रेषेत, तसेच नळांच्या वर-खाली छिद्र पाडू नये. शंका असल्यास मेन स्विच बंद करून बॅटरीवरील ड्रिल वापरावे.

३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी घरात असावा. अनेकांची भिस्त एमसीबीवर असते. पण तो अतिभार व शॉर्टसर्किटपासून वायरिंगचे रक्षण करतो, विजेच्या धक्क्यापासून माणसाचे नव्हे. यंत्रावर चौकोनात चौकोन हे दुहेरी विद्युतरोधनाचे चिन्ह नसेल, तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग अनिवार्य समजावे.

संरक्षक चष्मा हवाच. नंबरचा चष्मा बाजूने येणारे कण अडवीत नाही. हातमोजे मात्र टाळावेत, कारण फिरत्या बिटमध्ये ते अडकल्यास बोटेही ओढली जातात. बिट बदलताना प्लग काढावा. स्टुलावर उभे राहून एका हाताने ड्रिल चालविणे तर सर्वांत वाईट. बिट काँक्रीटमधील सळईत अडकले की यंत्रच हातात गरकन फिरते, मनगट पिरगळते आणि तोल जातो.